नळ, फिल्टर आणि ४६ रुग्ण : लातूर जिल्ह्यातल्या एका गावाचे प्रकरण

गाव आणि माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून नावे दिलेली नाहीत. त्या दिवसांत मी जिल्ह्यात पाणी गुणवत्तेच्या कामासाठी फिरत होतो आणि इथल्या काही निर्णयांत माझा सल्लाही होता. त्यातला एक चुकला, तोही पुढे येईलच.

पार्श्वभूमी

मांजरा नदीपासून आठ-नऊ किलोमीटर आत असलेले, ४३० उंबऱ्यांचे गाव. नाल्याच्या काठी गावविहीर. विहिरीचे पाणी मोटरने ५०,००० लिटरच्या उंच टाकीत चढते आणि तिथून दिवसाआड नळाला येते. हापसे चार, चालू दोन. शेवटची वस्ती टाकीपासून सर्वांत लांब आणि उतारावर. तिकडे जाणारी लोखंडी पाइपलाइन गटारीला खेटून गेलेली.

विकत पाण्याची सवय गावाला लागली ती २०१६ च्या उन्हाळ्यात. त्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने लातूर शहराला पाणी आले, ते सगळ्यांना आठवते. खेड्यांत टँकर चालू होते. टँकरचे पाणी गढूळ, म्हणून ज्याला परवडेल तो तालुक्याहून पिण्यापुरता जार आणू लागला. पुढे पाऊस झाला, विहीर भरली, पण जार काही गेला नाही. चौदाव्या वित्त आयोगाच्या पैशांतून ग्रामपंचायतीने एक आरओ 'एटीएम' बसवले होते. पाचचे नाणे टाकले की २० लिटर. २०१७ मध्ये गावातल्याच, आयटीआय झालेल्या एका तरुणाने कर्ज काढून स्वतःचा प्लान्ट टाकला. ४२० फूट बोअर, तासाला १,००० लिटरचे मशीन, थंड पाण्याचे जार आणि घरपोच देण्यासाठी छोटा हत्ती. जारचे वीस रुपये. गाव त्या पाण्याला 'फिल्टरचं पाणी' म्हणते आणि त्याला 'फिल्टरवाला'.

एटीएम घरी येत नाही, छोटा हत्ती येतो. स्पर्धा तिथेच संपली. २०२१ च्या वसंतात एटीएमचा मेम्ब्रेन चोक झाला, वीजबिल थकले आणि शटर ओढले गेले. २०२२ पर्यंत सुमारे २४० घरे फिल्टरचे पाणी घेत होती. पाच माणसांच्या घराला रोज एक जार, म्हणजे महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये. ग्रामपंचायतीची वर्षाची पाणीपट्टी ७२० रुपये होती आणि तिची वसुली तिसऱ्या हिश्शापर्यंतही पोचत नव्हती.

काय घडले

जुलै २०२२ चा पहिला रविवार. सोयाबीनची पेरणी नुकतीच आटोपलेली, त्या आठवड्यात नाल्याला पहिले पाणी आले होते. गावात एका घरी जावळ होते. दीड-दोनशे माणसांची पंगत, प्यायला फिल्टरचे जार. सोमवारी रात्रीपासून जुलाब-उलट्यांचे रुग्ण उपकेंद्रात यायला लागले. सहा दिवसांत आकडा ४६ वर गेला. दोघांना सलाईनसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी हलवावे लागले. कुणी दगावले नाही.

मंगळवारपर्यंत गावाचा निकाल लागून गेला होता. सरपंचबाईंच्या विरोधी पॅनेलचे म्हणणे, नळाचे पाणी नासले आहे. सत्ताधारी पॅनेलचे म्हणणे, फिल्टरवाल्याने घाण पाणी पाजले. फिल्टरवाल्याचा चुलता विरोधी पॅनेलमधून निवडणूक लढला होता, हे सांगितल्याशिवाय दोन्ही निकाल नीट कळत नाहीत.

बुधवारी घाबरून दोन कामे झाली. ग्रामसेवकाने विहिरीत आणि टाकीत दुप्पट टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर, टाकले. फिल्टरवाल्याने रात्रभर जागून टाक्या धुतल्या आणि सगळे रिकामे जार पावडरने खळखळून घेतले. दोघांचाही हेतू चांगलाच होता. आम्ही गुरुवारी नमुने घ्यायला पोचलो तेव्हा मूळ पुरावा वाहून गेला होता.

आशाताईंची वही

या प्रकरणात सगळ्यात कामाचा कागद कुठल्याही प्रयोगशाळेचा नव्हता. आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविकेने, शाळेच्या दोनशे पानी वहीत रकाने आखून प्रत्येक रुग्णाचे घर, जुलाब सुरू झाल्याचा दिवस, जावळाला गेला होता का आणि घरात पाणी कुठले, एवढे लिहून ठेवले होते. कुणी सांगितले नव्हते. 'उगंच इसरून जाईल म्हणून लिवलं,' एवढेच त्यांचे उत्तर.

पहिल्या नजरेत ती वही फिल्टरविरोधी वाटली, कारण निम्म्याहून जास्त रुग्ण फिल्टर पिणारे होते. पण घरेही तशी निम्म्याहून जास्त फिल्टरचीच! त्या आकड्याने काहीच सिद्ध होत नाही. बैठकीत हे समजावताना मला घाम फुटला, कारण एका बाजूच्या लोकांना तो आकडा फार आवडला होता.

मग दिवस आणि गल्ली लावून पाहिले तेव्हा रुग्णांचे दोन वेगळे गट पडले. १९ जण जावळाला जेवलेले, निरनिराळ्या गल्ल्यांतले आणि जवळपास सगळे सोमवार-मंगळवारी आजारी पडलेले. १६ जण शेवटच्या वस्तीतले. त्यांच्याकडे फिल्टरचे पाणी येत नव्हते, त्यांना जावळाचे आमंत्रणही नव्हते आणि त्यांचा त्रास मंगळवारपासून शनिवारपर्यंत सांडत राहिला. उरलेले ११ इकडे-तिकडे. म्हणजे एकाच आठवड्यात दोन गोष्टी घडल्या असाव्यात. गावाला मात्र गुन्हेगार एकच हवा होता.

नमुन्यांनी काय सांगितले

विहीर आणि टाकी स्वच्छ, अर्थात बुधवारच्या टीसीएलमुळे. प्लान्टचा नळही स्वच्छ. फिल्टरवाल्याने खिशातून टीडीएस मीटर काढून दाखवले. 'चौतीस, साहेब! लातूरला पण एवढं भेटत नाही.' त्याचे खोटे नव्हते. पण टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. चौतीस टीडीएसच्या पाण्यात जंतू सुखाने राहू शकतात आणि सहाशेच्या पाण्यात एकही नसू शकतो. मीटरला जंतू दिसत नाहीत. वाईट एवढेच की गावात प्रत्येकाला आपले पाणी किती टीडीएसचे ते पाठ होते आणि नळाला क्लोरीन येते की नाही हे चौघांनाही सांगता आले नाही.

खरी माहिती घराघरांतून आली. पाणी दूषित असले की काळी पडणारी एचटूएसची बाटली आम्ही वापरली आणि काळ्या पडलेल्या ठिकाणचे नमुने बर्फाच्या डब्यातून भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाठवले. घरात उघडून ठेवलेल्या १२ जारांपैकी ७ बाटल्या काळ्या. नुकत्याच उतरवलेल्या ३ जारांपैकी १ काळी. शेवटच्या वस्तीतल्या ५ नळांपैकी ४ काळ्या आणि तिथे ओटी टेस्टला पिवळा रंगच येईना, म्हणजे क्लोरीन शून्य. टाकीच्या खालच्या नळाला त्याच सकाळी गडद पिवळा आला होता.

जारचे गणित समजायला सोपे आहे. आरओमधून क्षार जातात, जंतूही अडतात, पण पाण्यातला क्लोरीनचा पहाराही जातो. मशीनमधून निघालेले पाणी कितीही शुद्ध असो, त्यानंतर हात लागला, बूच लागले, न धुतलेला जार लागला की ते उघड्यावर पडल्यासारखेच. त्यात घरोघरी जारच्या तोंडातून ग्लास बुडवून पाणी घेण्याची पद्धत. माठाला ओगराळे लावणारी बाईसुद्धा जारमध्ये निर्धास्त हात घालत होती, कारण ते 'फिल्टरचं' होते.

नळाचे गणित याहून जुने. ग्रामपंचायतीच्या खोलीत टीसीएलचे पोते तोंड उघडे पडलेले आणि दाराचे कुलूप गंजून लाल झालेले. हवेत गेलेला क्लोरीन कुलूप खात होता. पावडर तपासली तर १४ टक्के निघाली. चांगले टीसीएल ३३ टक्क्यांच्या आसपास असते आणि विसाच्या खालचे कामाचे धरत नाहीत. ३३ टक्क्यांच्या पावडरचे प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे या टाकीला १२५ ग्रॅम. १४ टक्क्यांच्या पावडरचे जवळजवळ ३०० लागले असते. जलसुरक्षक, म्हणजे गावच्या पाण्यात पावडर टाकणारा माणूस, 'एक मूठ' टाकत होता, तेही आठवणीने. पाणी दिवसाआड येत असल्याने मधल्या काळात पाइप रिकामा राहतो आणि जिथे गळती असेल तिथे बाहेरचे पाणी आत ओढले जाते. शेवटच्या वस्तीच्या व्हॉल्व्हचा खड्डा त्या आठवड्यात गटारीच्या पाण्याने भरलेला होता.

एक गोष्ट शोधायला गेलो नव्हतो, ती सापडली. शाळेमागच्या हापशाच्या पाण्यात नायट्रेट, म्हणजे तान्ह्या लेकरांना घातक असलेला एक विरघळलेला क्षार, लिटरला ७२ मिलिग्रॅम निघाले. मर्यादा ४५ ची आणि तिला सूट नाही. गावविहिरीचे ३८ होते. नायट्रेटवर टीसीएल चालत नाही आणि पाणी उकळले तर उलट ते दाट होते. त्या हापशावर नऊ घरे होती, त्यांतल्या दोन घरांत सहा महिन्यांच्या आतली लेकरे होती. त्या घरांना मी स्वतः सांगितले की लेकराच्या वरच्या दुधाला फिल्टरचे पाणी घ्या, ताजे आणि झाकलेले. सकाळी ज्याच्या जारवर बोट ठेवले त्याचीच दुपारी शिफारस. फिल्टरवाल्याने हे ऐकले आणि पुढे वर्षभर ऐकवले.

समोरचे पर्याय

प्लान्ट बंद करा, ही मागणी सर्वांत मोठ्याने झाली. पण कुणाच्या अधिकारात? सीलबंद बाटली किंवा जार विकायचा तर अन्नसुरक्षेचा परवाना लागतो, त्या वेळी आयएसआय मार्कही सक्तीचा होता. हा जार सीलबंद नव्हता, त्यावर लेबल नव्हते, बूच नुसते दाबलेले. म्हणून एका कार्यालयाने सांगितले की हे पॅकबंद पाणी नव्हे, आमचे काम नाही. दुसऱ्याने सांगितले की हा खाद्यपदार्थ आहे, आमचे काम नाही. महाराष्ट्रभर थंड जारचा धंदा या दोन वाक्यांच्या फटीत उभा राहिला आहे.

घरोघरी पाणी उकळणे हा आरोग्य खात्याचा नेहमीचा सल्ला. त्या जुलैत गॅस सिलिंडर हजाराच्या वर गेला होता. आठवडाभर लोकांनी उकळले, मग सोडले.

तालुक्याहून कंपनीचे सीलबंद जार आणणे चार घरांना परवडले असते.

उरले दोन. बंद एटीएम दुरुस्त करायचे, खर्च सुमारे एक लाख दहा हजार. किंवा शेवटच्या वस्तीची १८० मीटर लाइन बदलून व्हॉल्व्हचा खड्डा उंच करायचा आणि टीसीएलची घडी बसवायची, खर्च ६४,०००. पंधराव्या वित्त आयोगाच्या बंधित निधीत त्या वर्षी दोन्हींपुरते पैसे नव्हते.

निर्णय

प्लान्ट पाच दिवस थांबला, तो कुणाच्या आदेशाने नव्हे, गिऱ्हाईकच आले नाही म्हणून. मग सरपंचबाईंनी दोन्ही पॅनेलसमोर फिल्टरवाल्याला बोलावले. इतका वेळ त्यांच्या वतीने त्यांचे यजमानच बोलत होते. त्या दिवशी बाईंनी त्यांना हाताने थांबवले आणि स्वतः विचारले, 'तुमच्या घरी पितात का हेच पाणी?' तो म्हणाला, हेच. 'मग बंद नको. धुवून द्या.' ठरले असे की रोज रिकामे जार क्लोरीनच्या पाण्याने विसळायचे, तुटक्या बुचांचे जार बाद करायचे आणि महिन्यातून एकदा आशाताईंनी कुठल्याही तीन घरांतल्या जारला बाटली लावायची.

मी आणखी एक मागितले होते, आरओनंतर पाण्यात थोडे क्लोरीन. त्याने साफ नकार दिला. 'वास आला की गिऱ्हाईक तुटतंय, साहेब.' त्याऐवजी त्याने यूव्ही दिवा बसवला. दिवा समोरून जाणाऱ्या पाण्यातले जंतू मारतो, जारमध्ये नंतर शिरलेल्यांचे काही करत नाही. म्हणजे बिघाड जिथे होता तिथे उपाय पोचलाच नाही. पण दिव्याचा निळा उजेड रस्त्यावरून दिसायचा आणि लोकांचा विश्वास परतला.

दुसरा निर्णय एटीएमचा, आणि तो माझ्या सल्ल्याने चुकला. ग्रामपंचायतीकडे स्वस्त आरओ असेल तर फिल्टरवाल्यावर वचक राहील असे मला वाटले. पाइपलाइन पुढच्या हप्त्यात करू म्हटले. एटीएम सप्टेंबरात सुरू झाले आणि एप्रिलमध्ये पुन्हा बंद पडले. सात महिने. पाच रुपयांच्या नाण्यांतून वीजबिलही निघत नव्हते आणि चालवायला माणूस नव्हता. मेम्ब्रेन पहिल्यांदा का चोक झाला हे मी विचारलेच नव्हते. त्या पाण्याची कठिणता, म्हणजे साका धरणारे क्षार, लिटरला ६८० मिलिग्रॅम होती आणि आधीच्या गाळण्या बदलायचे कुणाच्या डोक्यात नव्हते. शेवटच्या वस्तीने मधला सबंध उन्हाळा जुन्याच पाइपवर काढला. लाइन बदलली गेली ती मे २०२३ मध्ये.

परिणाम

२०२३ च्या पावसाळ्यात पाच रुग्ण, २०२४ मध्ये तीन, सगळे सुटे-सुटे. याचे श्रेय घेण्याआधी सांगायला हवे की २०२३ ला मराठवाड्यात पाऊसच कमी झाला, नाल्याला पूर आला नाही. नवी लाइन झाल्यावर वस्तीतल्या नळांना ओटी टेस्टचा पिवळा रंग येऊ लागला, एवढे मात्र ठामपणे सांगता येते.

टीसीएलची घडी अर्धीच बसली. ग्रामपंचायतीने पावडर बंद डब्यात ठेवली, मापासाठी स्टीलची वाटी खूण करून दिली, ओटीचे रजिस्टर ठेवले. दुसऱ्या वर्षी रजिस्टर उघडले तर सबंध ऑगस्टभर रोज '०.२' लिहिलेले, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन. ट्रान्सफॉर्मर जळून चार दिवस पाणी आलेच नव्हते, त्या दिवशीही ०.२! जलसुरक्षकाला रागवायला गेलो तर कळले की त्याचे मानधन सात महिने मिळालेले नाही. मग रागावलो नाही.

फिल्टरची घरे २४० वरून १९० वर आली आणि दीड वर्षात पुन्हा अडीचशेवर गेली. जार आता पंचवीसचा. आशाताईंची महिन्याची तपासणी पहिले वर्षभर नीट झाली. तिन्ही बाटल्या स्वच्छ असे बहुतेक महिन्यांत, एखादी काळी असे अधूनमधून. एचटूएसच्या बाटल्या संपल्यावर नव्या आल्या नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसचे (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) रुग्ण वाढले, पुढे तिथले काही खासगी आरओ प्रकल्प महापालिकेने बंद केले. बातमी टीव्हीवर लागली त्याच रात्री मला फिल्टरवाल्याचा फोन आला. त्याला सीलबंद जार काढायचा होता, लेबलसकट. ऑक्टोबर २०२४ मध्ये पॅकबंद पाण्याची आयएसआय सक्ती निघाली, मग आता सोपे झाले ना, असे त्याला विचारायचे होते. सोपे झाले नव्हते. परवाना लागतोच, आणि सक्ती काढल्यानंतर दीडेक महिन्यातच पॅकबंद पाणी जास्त जोखमीच्या खाद्यपदार्थांत गेले. म्हणजे परवान्याआधी पाहणी आणि दरवर्षी बाहेरच्या संस्थेकडून तपासणी. त्याने खर्चाचा अंदाज विचारला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

वेगळे काय करता आले असते

बुधवारी टीसीएल टाकण्याआधी चार बाटल्या भरून ठेवायला दहा मिनिटे लागली असती. औषध लांबवा असे नाही, आधी नमुना आणि मग औषध. तेवढे झाले असते तर जावळातले १९ जण पाण्याने आजारी पडले की जेवणाने, हे कळले असते. पंगतीतल्या वरणाचा नमुनाही कुणी घेतला नव्हता. फिल्टरवाल्यावरचा ठपका आजतागायत ना सिद्ध झाला ना पुसला गेला, आणि गावात दोन्ही बाजू आपापला निकाल धरून आहेत.

पाइपलाइन आधी, एटीएम नंतर किंवा कधीच नाही. यावर आता माझ्या मनात शंका नाही. एटीएममुळे ज्यांची सोय झाली असती त्यांच्याकडे जार होताच. वस्तीकडे नळाशिवाय काही नव्हते.

आणि एक गोष्ट, जी तेव्हा डोळ्यांसमोर असून दिसली नाही. आरओ मशीन जेवढे पाणी गाळून देते, जवळजवळ तेवढेच क्षार दाटलेले पाणी बाहेर टाकते. फिल्टरवाल्याचा तो पाइप प्लान्टमागून नाल्यात सोडलेला आहे. गेल्या वर्षी जुने फोटो चाळताना एका फोटोत तो दिसला आणि मग गावाचा नकाशा काढून बसलो. नाला तिथून वाहत येतो आणि खाली तीनशे फुटांवर गावविहीर आहे. विहिरीचे नायट्रेट २०२२ मध्ये ३८ होते, शेवटच्या तपासणीत ४३ आले. त्याला शेतातला युरियाही कारण असेल. त्या नाल्याचे पाणी आम्ही एकदाही तपासले नाही.